मूळ गावाचा रकाना

माधवनगरात राजभर हे आडनाव एकाच घराचं. त्या घरातल्या पोरीचं नाव मात्र क्रांती, आणि ते ठेवलं शेजारच्या जाईबाई बनसोडेनं. त्याचं असं झालं, की रामसूरत राजभर उत्तर प्रदेशातल्या मऊ जिल्ह्यातून माग चालवायला इथं आला आणि मागोमाग बायकोलाही घेऊन आला. पुढं पोरगी झाली. बारसं तर घातलं पाहिजे, पण कानात नाव सांगायला आत्या आणायची कुठून? रामसूरतच्या तिन्ही बहिणी दीड हजार किलोमीटरवर. तेव्हा पलीकडच्या खोलीतली, मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरून पोट भरणारी जाईबाई पदर खोचून पुढं झाली. "मी हाय की आत्या," म्हणाली. पाळण्यात वाकून तिनं कुर्र केलं, कानात नाव सांगितलं, आणि रिवाजाप्रमाणं सगळ्या बायकांचे धपाटे आपल्या पाठीवर घेतले. ते फार जोरात बसले होते असं ती अजून सांगते आणि त्याची वसुली म्हणून क्रांतीवर हक्क गाजवते.

त्याला आता बावीस वर्षं झाली. क्रांती मराठी शाळेत शिकली, सांगलीत आयटीआय करून फिटर झाली, आणि दोन वर्षं दादासो जॉबरच्या हाताखाली पेठेतले माग दुरुस्त करत हिंडली. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. बिघडला माग, की बोलवा जॉबरला. आजवर या धंद्यात बाई कुणी पाहिली नव्हती. बाईनं कांड्या भराव्यात, कापडाच्या घड्या घालाव्यात, पाना म्हणून हातात धरू नये, हा आपला पेठेचा कायदा. तो कुणी केला ते कुणाला माहीत नाही, पण पाळणारे सगळे. क्रांती मागाखाली आडवी होऊन काम करू लागली तेव्हा चार दिवस लोक चहा सोडून बघायला आले. पाचव्या दिवशी आपापल्या बिघडलेल्या मागांची गाऱ्हाणी घेऊन आले.

सगळं बरं चाललं होतं, तोवर रामसूरतच्या शेठनं सांगून टाकलं, की दिवाळीनंतर शेड बंद. जुने माग भंगारात जाणार. सव्वीस वर्षं ज्या चार मागांमध्ये रामसूरत उभा राहिला ते किलोवर विकले जाणार म्हटल्यावर त्यानं तिसऱ्या दिवशी निकाल लावला.

"दिवाळी झाली की गावी जायचं," तो म्हणाला. "घरावर स्लॅब घातलाय. आता इथं काय ठेवलंय?"

इथं काय ठेवलंय ते क्रांतीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. त्या गावी ती आयुष्यात चारदा गेलेली. तिथं तिच्या चुलत बहिणी तिला महाराष्ट्रवाली म्हणायच्या, तिच्या हिंदीला हसायच्या. इथं रस्त्यावर कुणी चिडलं की भैयाची पोरगी म्हणायचं. दोन्हीकडून पाहुणी. पण त्यातल्या त्यात भांडायला तिला माधवनगर बरं वाटायचं, कारण इथल्या भाषेत तिला शिव्या येत होत्या.

"मला पक्की नोकरी लागली तर?" तिनं विचारलं.

"लागली तर राहू," रामसूरत म्हणाला. तो एवढं सहज म्हणाला, की लागणार नाही याची त्याला खात्री असावी.

कुपवाड रस्त्याला धैर्यशीलसाहेबांचा नवा कारखाना उभा राहिला होता. चोवीस रेपिअर माग, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे, परदेशातून पेट्यांत घालून आणलेले. आठ जॉबर पाहिजेत, विणकरांची भरती नंतर, अशी जाहिरात लागली होती, आणि खाली ठळक अक्षरात, 'फक्त स्थानिक उमेदवार'. क्रांतीनं ते वाचलं आणि बिनघोर अर्ज आणला. आपण स्थानिक नाही, अशी शंका तिच्या मनाला शिवली नाही. जन्म इथला, शाळा इथली, आत्यासुद्धा इथली.

अर्ज तिनं एका बैठकीत भरला. 'मूळ गाव' या रकान्याशी मात्र पेन थांबलं. राहण्याचा पत्ता वर लिहून झाला होता, मग हे वेगळं कशाला, हे तिला उमगेना. सकाळी विचारून लिहू म्हणून तिनं तो तेवढा कोरा ठेवला आणि झोपली. सकाळी घाईत अर्ज पिशवीत टाकला, कारखान्यात दिला, आणि तो रकाना विसरून गेली.

चाचणीला तीस-बत्तीस पोरं आलेली. एक माग मुद्दाम बिघडवून ठेवला होता. कापडावर दर वीतभर अंतरानं आडवी रेघ उमटत होती. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. जो तो पुढं वाकून, जिथं रेघ दिसते तिथंच बघायचा, दोन नट पिळायचा, घाम पुसत मागं सरायचा. क्रांतीची पाळी आली तेव्हा ती समोर थांबलीच नाही, थेट मागाच्या पाठीमागं गेली. ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुतावर पालथा हात ठेवून तिनं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला. हे तिच्या बापाचं शिक्षण. तो म्हणायचा, कापड पुढं रडतं, पण दुखणं मागं असतं. डाव्या बाजूला सूत मऊ लागलं. ताणा गुंडाळलेल्या बीमचा त्या बाजूचा पट्टा ढिला होता. तो आवळून तिनं माग सुरू केला आणि हात पुसत उभी राहिली. सहा मिनिटं झाली होती. चाचणी घेणाऱ्या इंजिनिअरनं हात-दोन हात कापड ओढून पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान डोलावली.

शनिवारी फाटकाशेजारच्या फळ्यावर यादी लागली. गुणानुक्रमे, असं वर लिहिलेलं. आठ नावं. क्रांतीनं ती वरून खाली वाचली, मग खालून वर. तिच्यानंतर ज्याला तोच माग चालूही करता आला नव्हता, त्या पोराचं नाव सातवं होतं. तिचं नव्हतं.

ती तशीच कचेरीत गेली. तिथला कारकून मानसिंग डबा खात होता.

"माझं नाव का न्हाई?"

"तुमचे गुण चांगलेत," मानसिंग घास गिळत म्हणाला. "सगळ्यात जास्त तुमचेच. पण आम्हाला स्थानिक पाहिजेत."

"मी मग कुठली?"

मानसिंगनं गठ्ठ्यातून अर्ज काढून तिच्यापुढं सरकवला. मूळ गाव या रकान्यात निळ्या शाईत, घोटीव अक्षरात एका खेड्याचं नाव, पुढं तालुका, पुढं जिल्हा मऊ. पिनकोडसकट. अक्षर बापाचं होतं.

घरी येईतो तिचं डोकं तापलेलं. रामसूरत उंबऱ्यात बसून चहा पीत होता. क्रांतीनं चप्पल न काढताच विचारलं, "अर्जावर गाव तुमी लिवलं?"

"हो," रामसूरत म्हणाला. "कोरा होता रकाना. तू झोपली होतीस. खाली कसा सोडायचा? बिनगावाचा माणूस असतो काय?"

"माझं गाव हाय की. पायाखाली हाय."

"ते राहायचं गाव. मूळ वेगळं."

"तुमच्या त्या मुळानं माझी नोकरी उपटली, बाबा."

रामसूरतला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं पोरीचं वाईट करायला थोडंच लिहिलं होतं? सव्वीस वर्षं या पेठेत त्याला कुणी रामसूरत म्हणून हाक मारली नव्हती. भैया, इकडं ये. भैया, बीम संपला. नावाची ही गत, तिथं निदान गाव तरी आपलं असावं, ते कागदावर सुवाच्य अक्षरात लिहावं, एवढीच त्याची हौस. त्या हौसेनं केसानं गळा कापला.

"मग झालं," तो हळूच म्हणाला. "देवाच्या मनात गावी जायचंच आहे."

"देवाला यात वढू नका," क्रांती म्हणाली.

भांडण ऐकून जाईबाई आली. साठी उलटलेली, चष्म्याच्या काड्या दोऱ्यानं बांधलेल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि आधी क्रांतीलाच झापलं.

"बापावर कशाला वरडतीस? त्यानं गाव लिवलं त्यात त्याचं काय चुकलं? माणसाला गाव असतंय. तो रकाना कशापायी ठेवलाय, ते जाऊन इचार. मला सांगतीस व्हय मूळ गावाचं? ही खोली घ्यायच्या आदी मी तीन खोल्या बघितल्या. पयलं इचारलं, गाव कंचं. मग आडनाव. मग म्हणाले, खोली कालच गेली. गाव इचारणारा पाण्याचा पेला म्होरं करतोय का मागं घेतोय, ते बघावं आदी."

"आन मागं घेत असला तर?"

"तर हातातनं घ्यायचा," जाईबाई म्हणाली आणि आपल्या खोलीत निघून गेली. चुलीवर तिचं कालवण होतं.

सोमवारी क्रांती धैर्यशीलसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली. मानसिंग अडवत होता, पण मागाखाली घुसणाऱ्या पोरीला दारातून घुसायला कितीसा वेळ लागतो? साहेब पंचेचाळिशीचे, नीटनेटके. कोपऱ्यातल्या खुर्चीत त्यांचे वडील लालासाहेब पेपर वाचत बसलेले. ऐंशीच्या घरातले, पांढरी टोपी, आणि हाताची बोटं तेजाबानं कायमची पिवळी पडलेली. म्हातारा गलाईवाला. खटाव तालुक्यात अशी कितीतरी गावं आहेत, की घरटी एक माणूस मुलखाच्या कुठल्या तरी टोकाला सराफ बाजारात बसून सोनं आटवतो, शुद्ध करतो, आणि जत्रेला गावी येतो. लालासाहेबांनी त्याच धंद्यात आयुष्य काढलं होतं, आणि त्याच सोन्याच्या धुरातून हा कारखाना उभा राहिला होता.

"साहेब, चाचणीत मी पयली आले," क्रांती म्हणाली. "यादीत माझं नाव न्हाई."

धैर्यशील चिडले नाहीत. "बस," म्हणाले. "काय आहे, की इथली पोरं बेकार फिरतायत. त्यांचे आईबाप मला रस्त्यात अडवून विचारतात, साहेब, कारखाना आमच्या जमिनीशेजारी आणि नोकऱ्या बाहेरच्यांना का? त्यांना मी काय तोंड दाखवू? तू हुशार आहेस, मी नाही म्हणत नाही. ठेकेदारामार्फत घडी खात्यात ये. तिथं बायकाच आहेत."

"मला घडी घालाय येत न्हाई. घरात बी आईच घालती. मला माग येतोय."

"पण तुझं गाव..." त्यांनी अर्ज पाहिला. "मऊ."

कोपऱ्यात पेपर खाली आला. "मऊ?" लालासाहेब म्हणाले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत एकदम तेज आलं. "केकर बिटिया हऊ? कहाँ घर बा, बबुनी?"

क्रांतीला प्रश्न कळला. कुणाची पोर, घर कुठं, एवढंच तो विचारत होता. पण उत्तराला तिची जीभ वळेना. "आजोबा, मला तिकडचं एवढं बोलाय येत न्हाई," ती म्हणाली. "मी माधवनगरची हाय."

"असं व्हय? अगं, मी चाळीस वर्सं काढली तिथं. सराफ्यात. तुज्या गावावरनं सायकलनं गेलोय मी कैकदा. आमचा ह्यो धैर्यशील बी तितलाच. सराफ्याच्या मागच्या गल्लीत झाला. धावीपतूर तिथंच शिकला. अजून राग आला की ह्याच्या तोंडातनं तितलंच येतंय."

"आबा," धैर्यशील म्हणाले.

"खोटं काय त्यात?"

डोक्यावर पंखा घरघरत होता. क्रांती कधी नव्हे ती सावकाश बोलली. "साहेब, तुमी अर्ज भरला असता तर मूळ गाव काय लिवलं असतं?"

"खटाव तालुका. आमचं घर आहे तिथं, देव आहे, जत्रा आहे. जन्म कुठं का होईना, गाव वाडवडलांचंच."

"बरं. म्हंजे तुमी मऊला जलमला तरी खटावचं, आन मी माधवनगरात जलमले तरी मऊची. मान्य. एकच माप लावलं तर तुमी सातारा जिल्ह्याचं आन मी उत्तर प्रदेशची. मग सांगलीचं ह्या केबिनमधी कोण हाय? तो पंखा?"

"ए लडकी, जबान सँभाल के," धैर्यशील म्हणाले. शब्द बाहेर पडले आणि त्यांचे त्यांनाच ऐकू आले.

लालासाहेब हसले नाहीत. पिवळ्या बोटांनी त्यांनी पेपरची घडी केली, नीट, चारदा. "मी तिथं गेलो तवा सोळा वर्सांचा हुतो," ते म्हणाले. "भाषा येईना, वळख न्हाई. सराफ म्हणायचे, ह्या परदेशी पोराच्या हातात सोनं दिलं तर राती गाडी धरील. तीन म्हैने कुणी गुंजभर दिलं न्हाई. रडाय यायचं. मग एका म्हाताऱ्या सराफानं दिलं. गाव न्हाई इचारलं त्यानं. म्हणाला, आटवून दाखव. चोख निघालं तर उद्या परत ये. त्या एका उद्यावर आपण आज हितं बसलोय, धैर्यशील."

"मग मी बी आटवून दाखवलंय की, आजोबा," क्रांती म्हणाली. "गेल्या आठवड्यात. तुमच्याच मागावर. ह्यांच्याच कागदावर लिवलंय, चोख निघालं म्हणून."

"घे पोरीला," लालासाहेब म्हणाले. "माझ्या शब्दावर घे."

इथं दुसरी कुणी असती तर म्हाताऱ्याच्या पाया पडून, डोळे पुसून घरी गेली असती. क्रांतीला जाईबाईनं बारशातच कानात काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे. "शब्दावर नको," ती म्हणाली. "तुमचा उपकार व्हईल, आन मग उद्या कुणी बी म्हणल, म्हाताऱ्याला दया आली म्हणून घेतली. मला नंबरावर घ्या. आन मला नवा अर्ज द्या. पयल्यात एक रकाना मी भरलेला न्हाई."

धैर्यशील टेबलावरचा जुना अर्ज उलटासुलटा करत बसले. चूक कळलेला माणूस असा बसतो, आणि चूक न कळलेला पण हरलेला माणूसही असाच बसतो. त्यांचं नेमकं काय होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. शेवटी त्यांनी घंटी दाबली. मानसिंग कोरा अर्ज घेऊन आला. क्रांतीनं उभ्यानंच तो भरला, आणि मूळ गावाच्या रकान्यात लिहिलं, माधवनगर.

साहेबांनी नाव चढवायला सांगितलं, तसा मानसिंग खिशातलं पेन काढत फळ्याकडं गेला आणि आठ नावांच्या खाली, समासात, बारीक अक्षरात त्यानं नववं नाव लिहिलं. क्रांती त्याच्या मागंच उभी होती.

"वर लिवलंय गुणानुक्रमे," ती म्हणाली. "गुण माझे जास्त. नाव खाली कसं?"

"आता कशाला ताणता? नोकरी मिळाली ना?"

"नोकरी मिळाली. नाव राह्यलं."

"यादी परत छापायला लागेल."

"छापा. मी हितंच हाय."

आणि ती खरंच तिथं उभी राहिली. बारा वाजले, ऊन डोक्यावर आलं. दोनची पाळी सुटली, आतले लोक बाहेर, बाहेरचे आत. प्रत्येक जण फळ्याकडं बघे, मग तिच्याकडं. सातव्या नंबरचा पोरगा आला. त्याला वाटलं, आपलं नाव काढायला उभी आहे. तो घाबरत घाबरत म्हणाला, "ताई, मला बी नोकरीची लय गरज हाय."

"तुजं नाव ऱ्हाईल की," क्रांती म्हणाली. "खाली सरक फकस्त. आन येत जा, बीमचा पट्टा दावते तुला."

अडीच वाजता मानसिंग नवा कागद घेऊन आला. एक नंबर, क्रांती रामसूरत राजभर, माधवनगर. टाचण्या त्यानं जरा रागानंच टोचल्या. क्रांतीनं वाचून घेतलं आणि मग घरी जाऊन पोटभर जेवली.

संध्याकाळी तिनं सगळं सांगितलं. आईनं गुळाची भेली फोडली, जाईबाईनं पाठीत एक धपाटा घातला. "बावीस वर्सांनी फेडला," म्हणाली. "गाव काय लिहिलंस?" एवढंच रामसूरतनं विचारलं. तिनं सांगितलं. तो उठून बाहेर गेला. आपण बापाला दुखावलं हे क्रांतीला कळलं. पण खोडायची तिची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामसूरत इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "यादी बघायची आहे," म्हणाला. दोघं चालत गेली. फळ्यासमोर उभं राहून त्यानं पहिली ओळ बोटानं वाचली. स्वतःच्या नावावर बोट थांबलं. पुढं सरकून माधवनगरवर आलं, आणि तिथं पुष्कळ वेळ राहिलं.

"सव्वीस वर्षांत माझं नाव इथं कुठं लिहिलेलं पाहिलं नव्हतं," तो म्हणाला. "हजेरीवर पण भैयाच लिहायचे."

त्याचे डोळे भरले होते. ते त्यानं लपवले नाहीत. तो वळला आणि थेट मानसिंगच्या खिडकीशी गेला.

"एक कोरा अर्ज द्या," तो म्हणाला. "विणकराचा."

मानसिंगनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग क्रांतीकडं. कालचा दिवस त्याला आठवला असावा, कारण त्यानं मुकाट्यानं अर्ज दिला. रामसूरत खिडकीच्या कट्ट्यावर वाकून लिहू लागला. नाव, वय, अनुभव. मूळ गावाच्या रकान्याशी पेन आलं तेव्हा क्रांती त्याच्या खांद्यावरून बघू लागली. सांगावं का काही?

रामसूरतनं एक अक्षर न चोरता लिहिलं. गावाचं नाव, तालुका, जिल्हा मऊ, पिनकोडसकट. नेहमीच्या घोटीव अक्षरात.

"भैया, हे असं लिहिलं तर..." मानसिंग म्हणाला.

"माझं नाव रामसूरत," तो म्हणाला. "पोरीचं माधवनगर खरं आहे, माझं मऊ खरं आहे. दोन्ही खरं लिहिलंय. खोटं काय असेल तर दाखवा."

रामसूरतनं अर्ज आत सरकवला, पेनचं टोपण लावलं, आणि विचारलं, "चाचणी कधी आहे?"